विचारात रमणारी माणसं आणि अडून बसलेली कामं : वाचकांचे प्रश्न

यावेळच्या पत्रांमध्ये एकच विषय परत परत आला. मोठ्या विचारात, तत्त्वात, कल्पनेत रमणारी माणसं आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्यांची होणारी ओढाताण. काही पत्रं सोबत राहणाऱ्यांची आहेत, काही खुद्द रमणाऱ्यांची. त्यातली पाच एकत्र घेतलीत, थोडी कापलीत, बाकी मजकूर ज्याचा त्याचा.

प्रश्न : मी नवऱ्याच्या विचारांवर भाळूनच लग्न केलं होतं. समता, शिक्षण, पर्यावरण, कशावरही तो तासन्‌तास बोलतो आणि खरंच छान बोलतो, लोक ऐकत राहतात. पण १२ वर्षांत घरातलं एक काम त्याने शेवटपर्यंत नेलेलं नाहीये. बिलं मी भरते, शाळेतल्या मीटिंगला मी जाते, नळ गळला की माणूस मीच शोधते. मुलीचं शिक्षण कसं असावं यावर त्याची अख्खी थिअरी आहे पण तिची गणिताची वही त्याने वर्षभरात एकदाही उघडलेली नाही. काही बोललं की म्हणतो, तू फार छोट्या गोष्टीत अडकतेस. हे वाक्य मला फार लागतं. मी खरंच छोटी आहे का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. पत्र वाचून झाल्यावर मला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटलं.

तुम्ही ज्याला बिल भरणं म्हणताय त्यात किती गोष्टी आहेत बघा, तारीख लक्षात ठेवणं, तेवढे पैसे त्या दिवशी खात्यात असतील हे आधीपासून बघणं, मागच्या महिन्यापेक्षा आकडा जास्त का आलाय हे तपासणं, पावती कुठे ठेवली ते आठवणं, आणि हे सगळं डोक्यात चालू असताना मुलीचा डबा, ऑफिस, आजारपणं. हे काम कोणाला दिसत नाही कारण ते झालेलं असतं. न झालेलं काम लगेच दिसतं, झालेलं दिसत नाही. तुमच्या नवऱ्याला घर आपोआप चालतं असं वाटत असणार, आणि तो खोटं बोलत नसणार, त्याला खरंच तसं दिसत असणार. त्याला विचार करायला जो निवांतपणा मिळतो तो तुम्ही देताय, तुमच्या वेळातून कापून. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं आणि तुमच्याशिवाय कोण सांगणार.

फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या रूसो या विचारवंताचं उदाहरण मला इथे आठवतं. १७६२ मध्ये त्याने मुलांच्या शिक्षणावर एक ग्रंथ लिहिला, मुलाला मूल म्हणून वाढू द्या, त्याच्या वयाप्रमाणे शिकवा, असं त्यात होतं. युरोपात त्याचा प्रचंड प्रभाव पडला, आजच्या शिक्षणातल्या कितीतरी चांगल्या कल्पनांची मुळं तिथे सापडतात. आणि त्याच रूसोने स्वतःची पाच मुलं जन्मल्यावर अनाथालयात देऊन टाकली होती, हे त्याने नंतर स्वतःच लिहून ठेवलंय. मला यात रूसोला ढोंगी ठरवायचं नाहीये. विचार खरा होता, त्याचा उपयोगही झाला, पण तो लिहिणाऱ्याच्या घरातल्या पाच बाळांपर्यंत पोचला नाही, आणि त्या पाचांसाठी बाकी कशालाच काही अर्थ नव्हता. 'मुलं' या विचारावर प्रेम करणं सोपं असतं कारण तो विचार रात्री तीनला ताप आला म्हणून उठवत नाही.

आता असं का होतं, म्हणजे माणूस वाईट नसताना का होतं. मला वाटतं डोक्यातली गोष्ट कायम पूर्ण असते. ती करायला घेतली की मोडते, वेगळी होते, आपल्याला जमत नाहीये हे दिसायला लागतं. शिक्षणावर बोलताना तो कधीच चुकत नाही, पण गणिताची वही उघडली आणि मुलगी म्हणाली बाबा मला कळलं नाही, तर तिथे तो चुकू शकतो. शिवाय नुसती कल्पना करून मनाला झाल्याचं समाधान मिळतं हेही खरंय. गॅब्रिएल ऑटिंगन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर बरीच वर्षं काम केलंय. पदवी संपवून नोकरी शोधणाऱ्या मुलांमध्ये जी मुलं छान नोकरीची चित्रं मनात जास्त रंगवत होती त्यांनी पुढच्या दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्यांचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाले. ज्यांना आपल्याला नोकरी मिळेल असा भरवसा होता पण जी नुसती चित्रं रंगवत बसली नाहीत, त्यांचं उलट बरं झालं. आपल्याकडे मनातले मांडे म्हणतात ते किती अचूक आहे बघा, ते खाऊन पोट भरत नाही पण मन मात्र खरंच भरतं आणि मन भरलं की माणूस उठत नाही.

मी हे घरात पाहिलंय. माझे वडील असेच होते, अतिशय वाचलेले, अतिशय प्रेमळ, आणि आई दिवसभर पळत असायची. लहानपणी मला वडीलच आवडायचे, आई चिडकी वाटायची. ती का चिडायची हे मला माझा संसार सुरू झाल्यावर कळलं आणि तोवर तिला सांगायला फार उशीर झाला होता. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, मुलीला हे चित्र दिसू द्या, कोण काय करतंय ते तिला कळू द्या.

करायचं काय? 'मला मदत कर' म्हणू नका, मदत म्हटलं की जबाबदारी तुमचीच राहते आणि तो पाहुणा राहतो. एक अख्खी गोष्ट द्या, लक्षात ठेवण्यासकट. मी तुमच्या जागी असते तर गणितच दिलं असतं. शिक्षणावर त्याचं इतकं प्रेम आहे ना, मग त्या विषयाची वही, चाचणी, शिक्षकांना भेटणं, सगळं त्याच्याकडे, आणि तुम्ही आठवण करायची नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितीये, हात शिवशिवतील. पण एखादी चाचणी वाईट गेली तर जाऊ दे, मुलगी त्याने बुडणार नाही, आणि त्याच्या थिअरीला पहिल्यांदा माती लागेल. कदाचित त्याची थिअरी चांगली निघेल, तेही होऊ शकतं हं, आणि झालं तर मोकळ्या मनाने कौतुक करा.

आणि त्या वाक्याबद्दल एकदा शांत वेळ बघून बोला. भांडणात नको. तू ज्याला छोट्या गोष्टी म्हणतोस तो माझा सगळा दिवस आहे, असं सांगा. चारसहा महिने हे करूनही तो तेच वाक्य बोलत राहिला तर मग प्रश्न विचारांचा राहिलेला नाही, तुमच्या मानाचा आहे, आणि तेव्हा दोघांनी मिळून एखाद्या समुपदेशकाकडे जावं असं मी म्हणेन.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, शिक्षण सैद्धांतिक विषयात चालू आहे. मला कल्पना, पॅटर्न, शक्यता यातच मजा येते, व्यवहाराचा कंटाळा येतो. ऑनलाईन पर्सनॅलिटी टेस्ट दिली त्यातही तेच आलं, की मी समोर दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा अंतर्ज्ञानावर चालणारा आहे. ते वाचून खूप बरं वाटलं, कोणीतरी समजून घेतलं असं वाटलं. पण घरचे म्हणतात तू हवेत असतोस. प्रबंध पण दोन वर्षं तिथेच आहे. हा माझ्यातला दोष आहे की माझा स्वभावच असा आहे?

उत्तर : कल्पनेत रमणं हा दोष नाही. प्रबंध अडकणं हा त्या स्वभावाचा भाग आहे असं जे तुम्ही धरून चाललाय, ते मात्र मला पटलं नाही, आणि मला वाटतं तुमचं घोडं तिथेच अडलंय.

आधी त्या टेस्टबद्दल. १९२१ मध्ये कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने माणसांचे प्रकार मांडले, त्यात डोळ्याकानांनी मिळणाऱ्या माहितीवर विसंबणारे आणि अंतर्ज्ञानावर विसंबणारे असा एक भेद होता. पुढे कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली तयार केली आणि तीच आज हजार रूपांत फिरते. अडचण अशी की बहुतेक माणसं दोन टोकांवर नसतातच, मधेच कुठेतरी असतात, आणि टेस्ट मधोमध रेघ मारून इकडची आणि तिकडची अशी दोन नावं देते, त्यामुळे काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली की बऱ्याच जणांचा प्रकारच बदलतो. स्वभावावर संशोधन करणारे आता जास्त करून पाच गुणांच्या मोजपट्टीने बघतात. त्यात नव्या कल्पनांची ओढ हा एक गुण आहे आणि हातातलं काम नेटाने, शिस्तीने पुरं करणं हा दुसरा गुण आहे. हे दोन वेगळे मोजतात, कारण एक जास्त असला की दुसरा कमीच असणार असं काही नसतं. म्हणजे 'मी कल्पक आहे म्हणून माझ्याकडून कामं पूर्ण होत नाहीत' यातला 'म्हणून' तुम्ही स्वतः घातलाय.

ही सांगड फार जुनी आहे. ग्रीक तत्त्वज्ञ थेलीस आकाशाकडे बघत चालताना विहिरीत पडला आणि एक दासी त्याला हसली, पायाखालचं दिसत नाही आणि आकाशातलं बघायला निघालाय म्हणून, ही गोष्ट प्लेटोने सांगितलीय. ही सगळ्यांना आवडते. पण त्याच थेलीसची दुसरी गोष्ट अॅरिस्टॉटलने सांगितलीय, ती कमी लोकांना माहिती असते. लोक त्याला गरिबीवरून टोचायचे तेव्हा त्याने ताऱ्यांच्या अभ्यासावरून पुढच्या वर्षी ऑलिव्हचं पीक जोरात येणार असा अंदाज बांधला, हिवाळ्यातच तेल काढायचे सगळे घाणे थोड्या पैशात आगाऊ भाड्याने घेऊन ठेवले आणि हंगामात सगळ्यांची झुंबड उडाल्यावर भरपूर कमाई केली. खरं खोटं किती माहीत नाही, पण जुन्या लोकांनासुद्धा एकाच माणसाच्या दोन्ही गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

आणि जॉर्ज बूल हा ब्रिटिश गणितज्ञ घ्या. १८५४ मध्ये त्याने तर्काचं बीजगणित सविस्तर मांडलं, खरं आणि खोटं याला एक आणि शून्य धरून, याच्याइतकी अमूर्त गोष्ट तेव्हा क्वचितच कोणी करत असेल. जवळपास ८३ वर्षांनी, १९३७ मध्ये, क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं की याच बीजगणिताने विजेच्या स्विचांची सर्किटं आखता येतात, आणि आज तुम्ही ज्या यंत्रावर ती टेस्ट दिलीत त्याच्या मुळाशी ते आहे. तुमच्यासारख्यांना दिलासा म्हणून हे मी सांगतेच, पण बूलबद्दल अजून एक सांगते, वडिलांचा धंदा बसल्यावर हा माणूस १६ व्या वर्षापासून शिकवून घर चालवत होता, १९ व्या वर्षी त्याने स्वतःची शाळा काढली. मुलांच्या फिया, जागा, वेळापत्रक हे सगळं करणारा आणि ते बीजगणित मांडणारा माणूस एकच.

प्रबंधाचं आता व्यवहारात बोलू. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३४ दिवसांच्या आसपास. सगळंच बिनसलं तर? तेव्हा म्हणाले ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. आपण मनात जो प्लॅन करतो त्यात प्रिंटर बिघडत नाही, गाईड गावाला जात नाहीत, आपण आजारी पडत नाही. तेव्हा डोक्यातल्या प्लॅनवर भरवसा ठेवू नका, मागची प्रकरणं लिहायला प्रत्यक्षात किती वेळ लागला तो आकडा धरा.

दुसरं, पीटर गॉलविट्झर यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायचा होता. ज्यांनी तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवून लिहून दिलं त्यांच्यातल्या, नुसतं 'लिहीन' म्हणणाऱ्यांपेक्षा दुपटीहून जास्त जणांनी तो वेळेत लिहिला. इतकी साधी गोष्ट आहे. 'प्रबंध पूर्ण करायचाय' हे तुमचं वाक्य हवेतलं आहे. 'सकाळी नऊला लायब्ररीत खिडकीजवळ बसलो की तिसऱ्या प्रकरणाचा दुसरा परिच्छेद उघडीन' हे जमिनीवरचं. मला दुसऱ्या प्रकारची पाच वाक्यं लिहून पाठवा, मी वाट बघतेय.

प्रश्न : आमच्या बॉसकडे व्हिजन आहे असं सगळे म्हणतात. दर महिन्याला नवीन कल्पना, मोठे मोठे शब्द, प्रेझेंटेशन, आणि मागच्या महिन्याची कल्पना अर्धवट. टीम दमलीय. अवघड आहे असं म्हटलं तर निगेटिव्ह म्हणतात. आपला मुद्दा कसा मांडावा?

उत्तर : 'अवघड आहे' म्हणू नका आणि 'का करायचं' हेही विचारू नका. 'कसं' विचारा, आणि मनापासून विचारा, पकडायला म्हणून नाही.

यामागे कारण आहे. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि कील यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, लोकांना विचारलं की चेन, कुलूप, फ्लश असल्या रोजच्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला कितपत कळतं, लोकांनी स्वतःला चांगले गुण दिले. मग सांगितलं, आता पायरी पायरीने लिहून दाखवा. लिहायला बसल्यावर बऱ्याच जणांना कळलं की आपल्याला येत नाही आणि त्यांनी स्वतःच आपले गुण कमी केले. पुढे २०१३ मध्ये फिलिप फर्नबाख आणि इतरांनी हेच सरकारी धोरणांबाबत करून पाहिलं. तुम्हाला हे धोरण का हवंय असं विचारल्यावर माणसं आपल्या मतावर होती तशीच ठाम राहिली, पण ते राबवल्यावर एकातून दुसरं कसं घडत जाईल ते सांगा म्हटल्यावर मतं सौम्य झाली. 'का' विचारलं की माणूस आपल्या तत्त्वाचा बचाव करतो. 'कसं' विचारलं की त्याला काम दिसायला लागतं, आणि ते त्याला स्वतःला दिसतं, तुम्हाला निगेटिव्ह व्हावं लागत नाही.

म्हणून मीटिंगमध्ये असं म्हणा, कल्पना आवडली, आता पहिल्या आठवड्यात कोण काय करणार ते आपण इथेच फळ्यावर लिहूया, आणि त्यासाठी सध्याचं कुठलं काम थांबवायचं तेही लिहूया. ते दुसरं वाक्य सोडू नका.

तुमच्या बॉसला ऐकण्याची आवड असेल तर चार्ल्स बॅबेज या ब्रिटिश गणितज्ञाची गोष्ट सांगता येईल, यात त्यांचा अपमान नाही कारण बॅबेज फार मोठा माणूस होता. त्याने १८२० च्या दशकात आपोआप गणित करणारं यंत्र बनवायला घेतलं, ब्रिटिश सरकारने त्यावर १७,००० पौंडांहून जास्त खर्च केला. १८३३ मध्ये यंत्र घडवणाऱ्या मुख्य कारागिराशी बिनसलं आणि काम थांबलं, आणि पुढच्याच वर्षी बॅबेजला त्याहून कितीतरी मोठ्या यंत्राची कल्पना सुचली आणि तो तिच्या मागे लागला. १८४२ मध्ये सरकारने हात काढून घेतला. त्याच्या हयातीत एकही यंत्र पूर्ण झालं नाही. नंतर त्याने सुधारलेल्या यंत्राची चित्रं काढून ठेवली होती, त्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ मध्ये गणित करणारा भाग बांधला आणि तो बरोबर चालला. म्हणजे कल्पना चुकीची नव्हतीच. मला ही गोष्ट वाचून दरवेळी वाईट वाटतं, त्या कारागिराशी जुळवून घेतलं असतं आणि पहिलं यंत्र पुरं केलं असतं तर काय काय झालं असतं.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची आहे. तिला जगातला अन्याय संपवायचाय, रोज जेवताना चर्चा, पण स्वतःची खोली आवरत नाही आणि अभ्यासाला बसत नाही. मी काही बोललो की तुम्हाला कशाची पर्वाच नाही म्हणते. वडील म्हणून काय करू?

उत्तर : काळजी करू नका, आणि कृपा करून हसू नका. अकराबारा वर्षांच्या पुढे मुलांना अमूर्त विचार करता यायला लागतो, न्याय, समता, 'असं असतं तर' हे सगळं पहिल्यांदाच डोक्यात मावायला लागतं, जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या विचारशक्तीचा जो क्रम मांडला त्यातला हा टप्पा आहे. तिला नवीन ताकद मिळालीय, ती वापरून बघणारच. आणि लांबची गोष्ट आपल्याला सगळ्यांनाच ढोबळ, सुंदर दिसते, जवळची दिसते ती कामांच्या यादीसारखी. १५ व्या वर्षी बाकी सगळं आयुष्य लांबच असतं.

खोली आणि अन्याय यांची गाठ घालू नका, 'आधी खोली आवर मग जग बदल' हे वाक्य ऐकून कुठलंच मूल आजवर उठलेलं नाही. खोलीचं वेगळं सांगा. जो विषय तिला सगळ्यात जवळचा वाटतो त्यातलं एक छोटं काम निवडून ती ते शेवटपर्यंत करेल असं बघा, एका लहान मुलाला वर्षभर वाचायला शिकवणं, असं काही. आणि तुम्ही तिच्यासोबत जा. तुम्हाला पर्वा आहे हे तिला बोलून पटणार नाही.

प्रश्न : मी ३० वर्षं यंत्रदुरुस्तीचं काम करतो. मशीनचा आवाज ऐकून सांगतो कुठे बिघडलंय. आता नवीन शिकलेली पोरं येतात, थिअरी सांगतात, कागदावर आकृत्या काढतात, साधा नट नीट आवळता येत नाही. मला या थिअरीवाल्यांचा राग येतो. हातात काम नसलेल्या ज्ञानाचा काय उपयोग?

उत्तर : तुमचा राग मला समजतो आणि तुमच्या कानाबद्दल मला आदर आहे, ३० वर्षांचा कान कुठल्या कॉलेजात मिळत नाही. तरी तुमच्याशी थोडं वाद घालते.

व्हिएन्नाच्या हॉस्पिटलमध्ये १८४७ मध्ये सेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूती विभागातल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू १८ टक्क्यांच्या आसपास होते ते काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आले. याहून मोठा प्रॅक्टिकल पुरावा काय असतो? तरी त्या काळातल्या बऱ्याच मोठ्या डॉक्टरांनी ते मानलं नाही. अहंकार होताच, पण हात धुतल्याने नक्की काय होतं हे तेव्हाच्या वैद्यकाला पटेल असं सांगणारी थिअरीही नव्हती. जंतूंमुळे रोग होतात हा सिद्धांत रुजला तो नंतर, तोवर १८६५ मध्ये सेमेलवाइस गेला होता. थिअरी नसली की एकाच्या हातातलं खरं ज्ञान दुसऱ्याच्या हातात जात नाही. तुम्ही निवृत्त झाल्यावर तुमच्या कानाचं काय होणार, हा प्रश्न मी तुम्हाला आपुलकीने विचारतेय.

आणि तुमच्यासारख्याच एका माणसाची आठवण करून देते. मायकेल फॅरेडे हा ब्रिटिश शास्त्रज्ञ बुकबाइंडरकडे उमेदवारी करत वाचून वाचून शिकला, त्याला वरचं गणित येत नव्हतं. १८३१ मध्ये तारेचं वेटोळं आणि चुंबक घेऊन त्याने वीज तयार करून दाखवली, आजची जनित्रं त्याच तत्त्वावर चालतात. चुंबकाभोवती काय चाललंय ते त्याला डोळ्यांना दिसल्यासारखं दिसायचं, पण ते समीकरणात मांडलं मॅक्सवेलने, जो त्याच्यापेक्षा ४० वर्षांनी लहान होता आणि पक्का थिअरीवाला. त्यातूनच विद्युतचुंबकीय लहरी असणार हे कागदावर आधी कळलं आणि हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने त्या १८८० च्या दशकात प्रयोगात पकडल्या. फॅरेडे आणि मॅक्सवेल या दोघांतला एक नसता तर हे झालं नसतं. १८५७ मध्ये फॅरेडेने मॅक्सवेलला पत्र लिहून एक विनंती केली होती, की तुम्ही गणिती लोक तुमचे निष्कर्ष आमच्यासारख्यांना कळतील अशा साध्या भाषेत सांगू शकत नाही का, म्हणजे आम्ही ते प्रयोगाने तपासू शकू. तेव्हा फॅरेडेचं वय ६६ होतं आणि जगभर त्याचं नाव होतं, तरी त्याने २६ वर्षांच्या पोराला विचारलं.

तुम्हीही विचारा. पुढचं मशीन बिघडलं की ज्या पोराचा सगळ्यात जास्त राग येतो त्याला शेजारी उभं करा. झाकण उघडायच्या आधी त्याला साध्या भाषेत सांगू दे की बिघाड कुठे असेल आणि का. मग तुम्ही आवाज ऐका, तुम्हाला काय वाटतं ते सांगा, आणि उघडून दोघांनी बघा. नट मात्र त्यालाच आवळू द्या, आणि किती आवळला की पुरे हे तुमच्या हाताला कसं कळतं ते त्याला शब्दात सांगायचा प्रयत्न करा, पहिल्या वेळी जमणार नाही कदाचित, तरी करा.